पहिली अकरा हृदयं

२ मार्च, सोमवार

विद्यापीठाचं पत्र आलं. पीएच.डी.ला मुदतवाढ ३१ मेपर्यंत, "यानंतर कोणत्याही कारणास्तव वाढ मिळणार नाही." माझे मार्गदर्शक उदयसिंह सरही त्याच दिवशी निवृत्त होतायत. म्हणजे मुदत आणि मार्गदर्शक एकदमच संपणार. नोंदणीला आठ वर्षं झाली. तीन वर्षं तासिका तत्त्वावर या कॉलेजातून त्या कॉलेजात शिकवत फिरण्यात गेली, दोन करोनात, आणि उरलेली बोकडांच्या हृदयात.

प्रबंध लिहिताना हात आखडतो, म्हणून ही वही काढली. इथे चुकलं तरी कोणी लाल पेन घेऊन बसलेलं नाही.

माझं काम काय, ते सासूबाईंना सांगितलं होतं तसंच लिहिते. हार्ट अटॅक आला की हृदयाच्या पेशी एका झटक्यात मरत नाहीत, हळूहळू मरतात. मरायला लागलेल्या पेशीवर एक खास रंग चिकटतो, धडधाकट पेशीवर चिकटत नाही. निळ्या प्रकाशात तो रंग हिरवा चमकतो. हृदयाचा पातळ काप काढायचा, रंग लावायचा, सूक्ष्मदर्शकाखाली फोटो घ्यायचा. हिरवं तेवढं चाललेलं, काळं तेवढं अजून हातात असलेलं. सगळं ऐकून सासूबाई म्हणाल्या, "मेलेल्या बोकडात कोण जिवंत राहिलंय ते बघतीस होय?" प्रश्न काही वाईट नव्हता. बोकड कापल्यावर दोन-तीन तास तरी पुष्कळ पेशी जिवंत असतात, आणि माझं सगळं काम त्या दोन-तीन तासांतच असतं.

५ मार्च, गुरुवार

हृदय क्रमांक ४६. सात वाजता बिरदेवमामांनी बर्फाच्या डब्यातून आणून दिलं. बिरदेवमामा आमच्या लॅबचे शिपाई, सांगोल्याकडचे, पन्नाशी ओलांडलेले. येडू खाटकाकडून हृदय आणायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलंय. नुसतं आणत नाहीत, नळाखाली स्वच्छ धुऊन हातात देतात. मला किळस येऊ नये म्हणून. मी लिंगायताच्या घरात जन्मले आणि मला दिलंही लिंगायताच्याच घरात. मटण आमच्याकडे कधी आलं असेल तर शेजारच्या स्वयंपाकघरातला वास म्हणून.

तरी निरीक्षणात मी कमी नाही. सोलापूरच्या बोकडांच्या हृदयावरची चरबी पिवळसर असते, हे मी रजिस्टरात मागेच टिपून ठेवलंय. परीक्षकानं विचारलं तर उत्तर तयार हवं.

आज पुन्हा तेच दिसलं. ऑक्सिजन तोडल्यावर अर्ध्या तासानं कापाच्या बाहेरच्या कडेला हिरवी रेघ. तासानं रेघ रुंद. दोन तासांनी ती आत सरकलेली. जगातली सगळी पुस्तकं म्हणतात की हृदयात मरण आतून बाहेर येतं, आतल्या थराला रक्त सगळ्यात शेवटी पोचतं म्हणून. माझ्या बोकडांत ते बाहेरून आत जातं. एकदा नाही, पस्तीस वेळा. माझं पाचवं प्रकरण एवढ्या एका गोष्टीवर उभं आहे.

सरांना फोटो पाठवला. "भारी!!" आणि अंगठा. तीन वर्षांत सर लॅबचा जिना चढलेले नाहीत, गुडघे दुखतात म्हणे. पण अंगठा मात्र दोन मिनिटांत येतो.

९ मार्च, सोमवार

पहिल्या अकरा हृदयांचे फोटो प्रबंधातून काढून टाकले. सरांचंच म्हणणं होतं. त्यात बाहेरची रेघ नाही, आतल्या बाजूला कुठेकुठे फिकट हिरवे ठिपके तेवढे आहेत. तेव्हा हात बसलेला नव्हता माझा. शिकाऊ हाताचं काम कशाला दाखवायचं. बाराव्या हृदयापासून अचानक जमायला लागलं.

अकरा आणि बारा यांच्या मध्ये महिनाभर मी सुट्टीवर होते. त्याबद्दल इथे लिहायचं नाही.

पहिल्या अकरांना मी रंग न लावता सुद्धा एकेक काप बघत असे. नियमच आहे तसा. रंगाशिवाय काही चमकायला नको. अकराही वेळा काळंकुट्ट. मग सर म्हणाले, "किती वेळा अंधाराचा फोटो काढणार गं?" खरंच होतं. तेवढाच एक काप वाचतो आणि वेळ पण. तेव्हापासून ते बंद.

१६ मार्च, सोमवार

पाचव्या दिवशी नळाला पाणी आलं. बसूनं मी उठायच्या आत सगळं भरून ठेवलं होतं. बसू म्हणजे माझा नवरा, होटगीला रेल्वेत सिग्नलचं काम करतो आणि सिग्नलइतकंच बोलतो. मी आठ वर्षं काय करते याबद्दल त्यानं एक प्रश्न विचारला असेल तर शपथ. मला दमल्यासारखं झालंय म्हटलं तर म्हणाला, "झोप." मी झोपले. उठले तरी तितकीच दमलेली होते.

सकाळी दोन तास, दुपारी एक प्रॅक्टिकल, त्यातून उरलं की प्रबंध. बेचाळीस पानं झाली. बेचाळीस पानांत "तथापि" सत्तावीस वेळा आलाय, मोजला.

२४ मार्च, मंगळवार

पूर्वसादरीकरण २४ एप्रिलला ठरलं. त्या समितीनं शिफारस केली तरच ३१ मेच्या आत प्रबंध घेतात. बाहेरचे परीक्षक पुण्याहून येणार, हृदयरोगातलं मोठं नाव. सरांनी त्यांना पाचव्या प्रकरणाचा गोषवारा आधीच पाठवला आणि त्यांचं उत्तर मला मोठ्यानं वाचून दाखवलं, फोनवर, दोनदा. "विलक्षण," असं लिहिलंय. सर म्हणाले, "राजेश्वरी, पस्तीस वर्षं मास्तरकी केली. जाता जाता एक तरी गोष्ट आपल्या सोलापुरातून गेली म्हणायची." मी पण त्यांच्यासाठी खूश झाले, स्वतःसाठी व्हायला अंगात जीव नव्हता.

२ एप्रिल, गुरुवार

काहीतरी विचित्र.

रंग संपत आलाय. एक शेवटची कुपी फ्रीजरमध्ये अडीनडीला ठेवलीय, ती सोडली तर चार-पाच थेंब. म्हणून आज सूक्ष्मदर्शकाचा फोकस साधायला बिनरंगाचा काप वापरला. रंग कशाला वाया घालवा. निळा प्रकाश लावला आणि बाहेरच्या कडेला हिरवी रेघ. स्वच्छ, रुंद, पाचव्या प्रकरणातल्यासारखीच.

काच पुसली. नवी काच घेतली. पुन्हा रेघ. घरी आल्यावर जेवले नाही. सासूबाई म्हणाल्या भाकरी निवली, म्हटलं निवू दे.

७ एप्रिल, मंगळवार

पाच दिवसांत दिवा बदलला, फिल्टरची काच उलटी लावून पाहिली, द्रावण नवं केलं, भांडी उकळली. रेघ आहेच. सरांना सांगितलं नाही. कदाचित हृदयाची स्वतःचीच चमक असेल असं मनाला समजावतेय. पण मग पहिल्या अकरांत का नव्हती? तेव्हा तर हात शिकाऊ होता. शिकाऊ हाताला अंधार दिसतो आणि सराईत हाताला उजेड, असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय?

९ एप्रिल, गुरुवार

सापडलं. सगळं लिहून काढते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी बिरदेवमामांनी हृदय दिलं. आज मी ते पांढऱ्या बशीत ठेवून वरून थोडं पाणी सोडलं. बशीत पाणी पिवळं झालं. चरबी पाण्यात विरघळत नाही, एवढं मला कळतं.

"मामा," मी विचारलं, "डब्यात काही सांडलेलं असतं का?"

"न्हाय की मॅडम. डबा सोच्छ असतुय."

"मग हे पिवळं कशाचं?"

"हळद की," मामा म्हणाले. 'पाणी की' म्हणावं तसं.

"हळद कशाला?"

"मटन बिनहळदीचं न्हेत्यात व्हय कुटं? वाटंत मागं लागतं."

"काय मागं लागतं?"

"आता सकाळच्या पारी त्येचं नाव काढू का मी? हळद लावायची, डब्यात कोळशाचा खडा टाकायचा. हितं आलं की खडा काढतो, धुतो आन् तुमच्या हातात देतो. तुमच्यात खात न्हाईत, तुमास्नी कसं ठावं असंल."

मी विचारलं, कधीपासून. मामा पुसलेलं टेबल पुन्हा पुसायला लागले. मग टेबलाकडेच बघत म्हणाले, "तुमास्नी दवाखान्यात न्हेलं तवापासनं. तुमी पोटुशी असताना येडूकडनं डबा घिऊन चालत यायच्या की वड्याच्या पुलावरनं. हळद न्हाय, कोळसा न्हाय. मी रोज बघायचो. सांगावं वाटायचं, पर तुमी शिकलेल्या, हसचाल म्हनून गप बसलो. मग त्ये तसलं झालं. मला लई लागलं मॅडम. म्या तोंड उगडलं असतं तर..."

मला आधी राग आला. मग रडू आलं, आणि ते पाचव्या प्रकरणासाठी आहे की दुसऱ्या कशासाठी हे मला ठरवता येईना. मामांना म्हटलं, चहा आणा. ते गेल्यावर माझ्या जेवणाच्या डब्यातली भाजी काढली, आमच्या घरच्या हळदीची, तिचा पिवळा रस्सा थेंबभर काचेवर ठेवला. निळा प्रकाश. हिरवी चमक, हुबेहूब.

मरण बाहेरून आत सरकत नव्हतं. हळद मुरत होती. जितका वेळ ठेवलं तितकी आत. दीड वर्ष मी हळद कशी मुरते ते मोजलं, दशांश चिन्हाच्या पुढे तीन आकड्यांपर्यंत.

आणि ती पहिली अकरा हृदयं, जी मी शिकाऊ म्हणून फेकून दिली, ती माझ्या हातानं आणलेली. तीच तेवढी खरी आहेत.

१२ एप्रिल, रविवार

सरांच्या घरी जाऊन सांगितलं. फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. रविवारी त्यांच्याकडे मटण असतं, आत सरांच्या पत्नीची गडबड चाललेली. बसायला सांगून सर आत ओरडले, "हळद-मीठ लावून ठेवलंस का गं?" मग माझ्याकडे वळून, "हं, बोल."

मी बोलले. सर आधी मोठ्यानं हसले. मोहोळच्या रानात वाढलेला माणूस, त्यांना समजावून सांगायला लागलंच नाही. हसणं मध्येच थांबलं. मग म्हणाले, "मी एकदा जरी जिना चढून आलो असतो ना राजेश्वरी. बशीत बघूनच सांगितलं असतं."

मग त्यांनी आतलं दार लोटलं.

"कोणाकोणाला माहिती आहे?"

"बिरदेवमामांना. म्हणजे त्यांनी हळद लावली एवढंच त्यांना माहिती. त्यानं काय झालं ते नाही."

"मग राहू दे. खोटं बोलू नकोस. बिनरंगाचा फोटो दाखवू नकोस, एवढंच. कुणी विचारलं तर बोल. पुण्याचा माणूस विचारणार नाही, त्याला पटलेलंच आहे." मग हळू आवाजात म्हणाले, "आठ वर्षं झाली तुझी. माझाही दीड महिनाच राहिलाय."

परत येताना हा सल्ला मला आवडत होता, हे इथे लिहून ठेवते. मी एवढी दमले आहे की कुणी उचलून ३१ मेच्या पलीकडे नेऊन ठेवलं तर पत्ता पण विचारणार नाही.

१५ एप्रिल, बुधवार

काही झालं तरी स्वतःला कळायला हवं म्हणून शेवटची कुपी उघडली आणि हृदयं स्वतः आणायला लागले. मामांना सांगितलं, थोडे दिवस बिनहळदीचं पाहिजे, यंत्राला हळद चालत नाही. ते लगेच म्हणाले, "मग मी संगं येतो. डबा मी धरतो." नको म्हटलं. त्यांचा चेहरा उतरला. "माज्यामुळं काय बाद झालं का मॅडम?" मी म्हटलं, नाही हो, कशाला. साफ खोटं बोलले.

घरी सासूबाईंना कळलं की मी पुन्हा खाटकाच्या दुकानी जाते. त्या चिडल्या की कानडीत जातात. "साकु! साकु माडु!" म्हणजे पुरे कर आता. नेहमी विटाळाबद्दल बोलतात, आज त्याबद्दल अक्षर नाही. नुसतं साकु, साकु, आणि डोळ्याला पदर. वय झालंय त्यांचं.

बसूला म्हणे रोज सकाळी साडेसहाला त्याच बाजूला पेट्रोल भरायला जायचं असतं. मला गाडीवर नेतो, दुकानापासून दहा पावलांवर नाकाला रुमाल लावून उभा राहतो आणि लॅबपर्यंत सोडतो. येताना ओढ्याच्या पुलावरून न येता पार लांबून वळसा घालतो. बर्फ वितळतो म्हटलं तर म्हणतो पुलावर खड्डे आहेत. रोज रोज कुठलं पेट्रोल लागतं याच्या गाडीला देव जाणे.

२१ एप्रिल, मंगळवार

सहा हृदयं झाली आणि कुपी संपली. बिनरंगाचे काप सगळे काळेकुट्ट. रंग लावल्यावर बाहेरची रेघ कुठेच नाही. आतल्या बाजूनं हिरवे ठिपके, तासानं दाट, दोन तासांनी बाहेरच्या दिशेनं सरकलेले. पुस्तकात असतं तसं. पहिल्या अकरांत होतं तसं.

म्हणजे माझी पद्धत चालते. साध्या सूक्ष्मदर्शकावर, एवढ्याशा लॅबमध्ये पेशींचं मरण दिसतं. पण ते सगळ्यांना माहीत असलेलंच मरण आहे. यात विलक्षण असं काही नाही.

४२ अंश. पंखा गरम हवा ढवळतोय. विद्यार्थ्यांनी विचारलं, मॅडम बरं नाही का. बरं आहे म्हटलं.

२३ एप्रिल, गुरुवार

उद्याच्या फोटोंचे दोन संच केलेत. एकात हळदीची रेघ, एकात सगळं खरं. सरांचा मेसेज आला: "पहिलाच लाव. शांत राहा." मी पहिलाच लावणार आहे. ठरवलंय. खरं सांगायला गेले तर हळद कुणी लावली विचारतील, मामांना बोलावतील, मामा सगळं सांगतील, का लावली तेही. पाच अनोळखी माणसांसमोर माझ्या पोटाचा विषय निघेल. त्यापेक्षा पहिला संच बरा. मामांची नोकरी दोन वर्षं राहिलीय, त्यांना तरी का त्रास?

कारणं चांगली सापडली की माणसानं स्वतःवर लक्ष ठेवावं, असं आमचे आप्पा, माझे वडील, म्हणायचे. आज त्यांची आठवण काढायची नव्हती.

२४ एप्रिल, शुक्रवार

झालं.

पहिलाच संच लावला. अठरा मिनिटं नीट बोलले. एकोणिसाव्या फोटोला, रेघेला, पुण्याचे परीक्षक खुर्चीतून पुढे आले. माणूस चांगला आहे, विचारून घेतो, कमी लेखत नाही. म्हणाले, "मॅडम, हे खरं असेल तर आपल्याला औषध पोचवायची वाट बदलायला हवी. मी माझे दोन नवे विद्यार्थी याच कामावर लावतोय. नोंदणी पण झाली त्यांची."

ते दोघं कोण ते मला माहीत नाही. मुलं की मुली तेही माहीत नाही. पण त्यांची आठ वर्षं मला दिसली. तिथे पुण्यात बसून ते बोकडामागून बोकड कापणार, रेघ येणार नाही, आणि त्यांना वाटणार हात शिकाऊ आहे.

मी म्हटलं, "सर, त्यांना लावू नका. ती हळद आहे."

कुणाला कळलंच नाही. पुन्हा सांगितलं. दुसरा संच लावला, बिनरंगाचा फोटो दाखवला. एक जण हसले. परीक्षक हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "हृदयाला हळद आली कुठून?"

बिरदेवमामा दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभे होते. आत येत होते ते तसेच थांबले.

"मटण नेताना लावतात सर," मी म्हटलं. "आमच्या घरी मटण नसतं, मला माहिती नव्हतं. पण ते कारण नाही. बिनरंगाची तपासणी चालू ठेवली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. मी ती बंद केली. चूक माझी आहे."

इतका वेळ टेबलाकडे बघत बसलेले सर तेव्हा म्हणाले, "बंद करायला मी सांगितलं होतं." त्यांनी डोकं वर केलं नाही, पण म्हणाले. ते म्हणाले नसते तरी मी धरून बसले नसते.

परीक्षकांनी कागद पुढे ओढला. "मग स्वच्छ हृदयं कुठली?"

"पहिली अकरा आणि गेल्या आठवड्यातली सहा."

"अकराव्यानंतरच हळद सुरू झाली हे कशावरून?"

"तोपर्यंत मी स्वतः आणत होते."

"तोपर्यंत म्हणजे कधीपर्यंत?"

"चौदा ऑगस्ट, दोन हजार चोवीस."

समोर रजिस्टर होतं, ते मी उघडलं नाही. परीक्षकांनी चष्म्यावरून बघितलं. "इतकं नक्की आठवतं?"

"हो सर. आठवतं."

त्यांनी तारीख लिहून घेतली. ट्रेवरचे कप वाजत होते. मामा आत आले, सगळ्यांसमोर चहा ठेवला, माझा कप मीच त्यांच्या हातातून घेतला.

निर्णय असा: पाचवं प्रकरण रद्द. सतरा हृदयं कमी पडतात, तीस लागतात. ३१ मेच्या आत आणखी तेरा झाली तर समिती पुन्हा बसेल, नवा शोध म्हणून नाही, पद्धत म्हणून. नाहीतर नोंदणी संपली. रंगाची कुपी संपलीय, नवी यायला तीन आठवडे लागतात. होईल असं मला वाटत नाही. सोमवारपर्यंत स्वच्छ हृदयांची यादी तारखांसह लेखी द्यायची आहे. सर माझ्याशी न बोलता गेले, मग फाटकापासून परत आले आणि म्हणाले, "सोमवारी किती वाजता येतेस? मी वर येतो."

संध्याकाळी बसूला सगळं सांगितलं. हळद, मामा, पूल, परीक्षक. सिग्नलच्या माणसाला एका दमात इतकं कधी सांगितलं नव्हतं. तो चटईवर बसून ऐकत होता. मला वाटलं म्हणेल, झोप.

"तारीख कुठली सांगितलीस?" त्यानं विचारलं.

"चौदा."

"तेरा होती."

मी म्हटलं, चौदाच. मला पक्कं आठवतं, दुसऱ्या दिवशी झेंडावंदनाची गाणी लागली होती.

"तुला शुद्ध आली चौदाला," बसू म्हणाला. "गेलं ते तेराला. सकाळी साडेनवाला मला होटगीला फोन आला. पावणेदहाला मी निघालो. सव्वादहाला डॉक्टर बाहेर आल्या." मग म्हणाला, "तू त्या दिवशी डबा घेऊन चालत गेलीस. मला नऊची ड्यूटी होती की, गाडीवर सोडलं असतं. झोपून राहिलो."

वीस महिने मला वाटत होतं की हे माझ्या एकटीचंच आहे, बसू विसरला, आणि त्याचा मला आतून राग होता. मी त्याच्याशेजारी चटईवर बसले आणि रडले, तोही रडला. सासूबाई आतून आल्या, आम्हाला बघितलं आणि परत आत गेल्या.

नंतर पिशवीतून रजिस्टर काढलं. हृदय क्रमांक ११. तेरा ऑगस्ट, सकाळी ७.१०. अर्ध्या तासाचा फोटो आहे, एका तासाचा आहे, दोन तासांचा रकाना कोरा. माझंच अक्षर. बसूचं बरोबर आहे.

सोमवारच्या यादीत तारीख दुरुस्त करून द्यायची.